आम्ल आणि आम्लारी

प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजनचा अणू, देऊन टाकतो तो पदार्थ आम्ल. तो घेतो ती आम्लारी. आम्लारीला ‘क्षारक’ असेही म्हणतात. ‘क्षार’ हा शब्द मात्र जपून वापरावा. रसायनशास्त्रात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणारे, मिठासारखे संयुग म्हणजे क्षार. आयुर्वेदात मात्र वनस्पतींच्या राखेतून काढलेली आम्लारीधर्मी वस्तू. पापडखार, सज्जीखार यांतला ‘खार’ या दुसऱ्या घराण्यातला.

चिंच, लिंबू, ताक यांचा आंबटपणा आम्लांचा. साबणाच्या पाण्याचा बुळबुळीतपणा आम्लारीचा. पण प्रयोगशाळेत चव घेत बसता येत नाही, म्हणून दर्शक, म्हणजे आम्ल आणि आम्लारीत वेगवेगळा रंग दाखवणारे पदार्थ, वापरतात. घरातला दर्शक म्हणजे हळद. पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली की डाग पिवळा पडतो. साबण लावताच तो लालभडक होतो आणि धुणारा दचकतो. डाग वाढलेला नसतो, हळदीतल्या कुर्क्युमिनने रंग बदललेला असतो. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातही हाच रंगबदल आहे. प्रयोगशाळेतला दर्शक लिटमस मसाल्यातल्या दगडफुलाच्या भावकीतल्या, म्हणजे लायकेन गटातल्या सजीवांपासून काढतात.

रंग ओळख पटवतो, कारण सांगत नाही. आम्लपणाचे कारण ऑक्सिजनमध्ये आहे असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटले. ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थच ‘आम्लजनक’. पण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच, हे हम्फ्री डेव्हीच्या 1810 च्या सुमाराच्या कामातून दिसले. नाव तेवढे चिकटून राहिले. 1884 मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने विद्युतवहनाच्या अभ्यासातून पुढची दिशा दाखवली: पाण्यात हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) सोडते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन सोडते ती आम्लारी. कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू कोरड्या निळ्या लिटमसचे काही करत नाही. कागद ओला केला की तो लाल होतो, कारण प्रोटॉन घ्यायला पाणी लागते.

शाळेत बहुधा इथेच थांबतात, आणि अमोनिया अडचणीचा ठरतो. त्यात हायड्रॉक्साइड नाही, तरी तो आम्लारी आहे. त्याचा वायू हायड्रोजन क्लोराइडला भेटला की पाण्याशिवायच पांढरा धूर होतो: तो नवसागर. 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी स्वतंत्रपणे मांडलेली, सुरुवातीला दिलेली प्रोटॉनची व्याख्या ही अडचण सोडवते. त्याच वर्षी लुईसने प्रोटॉनही बाजूला ठेवला: इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारतो तो आम्ल. म्हणून हायड्रोजन नसलेले बोरॉन ट्रायफ्लुओराइडही आम्ल ठरते.

सामू (pH) ही आम्लता मोजण्याची पट्टी सोरेन्सनची, 1909 सालची. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू 7. एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट होते. सामूवरून आम्ल तीव्र की सौम्य हे मात्र ठरत नाही. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचा दोनशेत जेमतेम एखादा रेणू प्रोटॉन सोडतो, म्हणून ते सौम्य. हायड्रोक्लोरिक आम्ल विरल केले तरी तीव्रच.

ही नाती समोर कोण आहे त्यावर बदलतात. पाणी अमोनियाला प्रोटॉन देते, हायड्रोजन क्लोराइडकडून घेते. नायट्रोबेंझीन बनवताना नायट्रिक आम्लात संहत सल्फ्युरिक आम्ल मिसळतात. तिथे नायट्रिक आम्लच प्रोटॉन घेते आणि नावात आम्ल असूनही आम्लारीचे काम करते.