हंटिंग्टन रोग आणि आत्महत्येचा धोका

हंटिंग्टन रोग हा मेंदूतल्या पेशी हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक आजार. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातील दोषामुळे तो होतो. आईवडिलांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते. लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसू लागतात. या रुग्णांत आत्महत्येचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त आढळते. जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकी डॉक्टरने १८७२ साली लिहिलेल्या मूळ निबंधातच त्याची नोंद आहे.

अंथरुणाला खिळल्यावर धोका सर्वाधिक असेल, असे वाटते. तसे नाही. २००५ साली अमेरिकेत चार हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. घराण्यात रोग आहे, पण तपासणीत काही दिसत नाही, अशांपैकी ९.१ टक्के लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार होते. रोगाचे निदान होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांत हे प्रमाण २३.५ टक्के होते. चहाचा कप हिंदकळला की असा माणूस आपलीच बोटे निरखत बसतो, कारण वडिलांचे दुखणे असेच सुरू झालेले त्याने पाहिलेले असते. दुसरा कठीण काळ नोकरी, गाडी चालवणे, पैशांचे व्यवहार हातून सुटू लागतात तेव्हाचा.

हे केवळ दुःखामुळे होत नाही. हालचाली बिघडण्याच्या कितीतरी आधी हा रोग नैराश्य, चिडचिड आणि उतावळेपणा आणू शकतो. त्यामुळे ‘मनाने कच्चा’ हा शिक्का अन्यायाचा आहे. मूळ रोग आज बरा होत नाही; नैराश्यावर मात्र उपचार आहेत, आणि ते वेळेवर सुरू व्हायलाच हवेत. अनैच्छिक हालचालींवर दिले जाणारे टेट्राबेनाझिन नैराश्य वाढवू शकते, म्हणून ते घेणाऱ्यावर घरच्यांनीही लक्ष ठेवावे.

१९९३ मध्ये जनुक सापडल्यावर नेमकी चाचणी शक्य झाली. निकाल ऐकून लोक जीव देतील, ही भीती मोठी होती. १९९९ च्या जागतिक पाहणीत चाचणी केलेल्या ४,५२७ जणांपैकी ४४ जणांच्या बाबतीत आत्महत्या, तसा प्रयत्न किंवा मानसोपचारासाठी रुग्णालयात भरती अशी घटना घडली, आत्महत्या पाच. आकडा लहान आहे, पण चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन का लागते, हे त्यातून कळते. लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची चाचणी करत नाहीत.

आपल्याकडे लग्ने अडतील म्हणून असा आजार घरातच दडवला जातो आणि ज्याला बोलायची सर्वांत जास्त गरज, तोच एकटा पडतो. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे त्याला थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते, रुग्णाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही.