पिकअप निवडताना ओहमच्या मागे लागू नका

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, म्हणजे स्ट्रिंगच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग, बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती ओहमचा?" म्हणजे त्याच्या तारेचा विद्युतरोध किती. ८ किलोओहमचा मवाळ आणि १६ किलोओहमचा दणकट, असा सरळ हिशेब सगळीकडे चालतो. मल्टिमीटर लावला की आकडा लगेच मिळतो, म्हणून तो लोकप्रिय आहे. पण गिटार कशी वाजेल हे त्यावरून फारच कमी कळतं, आणि केवळ त्याच्या भरवशावर काही हजार रुपये खर्च करू नयेत.

पिकअपमध्ये मुळात दोनच गोष्टी असतात: चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, म्हणजे कॉइल. वरच्या पोलादी स्ट्रिंगमध्ये या चुंबकामुळे चुंबकत्व येतं. स्ट्रिंग थरथरली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि कॉइलमध्ये विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. नायलॉनच्या स्ट्रिंग लावल्या तर पिकअप मुकाच राहतो.

फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारच्या जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपमध्ये, ४२ गेजची, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची तार असते. तिचे साधारण ८,००० वेढे घातलेले असतात. सगळी तार उलगडली तर किलोमीटरभराहून जास्त भरेल. एवढ्या तारेचा रोध होतो सुमारे ६ किलोओहम. आता हीच तार आणखी बारीक घेतली तर? ४२ गेजच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ५.४ ओहम, तर ४४ गेजच्या तारेचा सुमारे ८.७ ओहम. म्हणजे बारीक तारेच्या १६ किलोओहमच्या पिकअपमध्ये जेवढी लांब तार आहे, तेवढीच जाड तारेच्या १० किलोओहमच्या पिकअपमध्येही आहे. खोक्यावर मात्र एक दुसऱ्याच्या दीडपट ताकदीचा वाटतो. त्यात तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. जानेवारीच्या सकाळी २० अंशांना ८ किलोओहम भरलेला पिकअप मे महिन्यात ३५ अंशांना जवळजवळ साडेआठ भरेल. आवाज तोच.

मग बघायचं काय? इंडक्टन्स, म्हणजे विद्युतप्रवाहातल्या बदलाला कॉइल करते तो विरोध. त्याचं एकक हेन्री. चांगले उत्पादक हा आकडा देतात, आणि जे देत नाहीत त्यांना तो जरूर विचारावा. वेढे दहा टक्क्यांनी वाढवले तर आवाजाचा जोर साधारण दहा टक्केच वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. इंडक्टन्स मात्र वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे एकवीस टक्क्यांनी. आणि गिटारचा टोन ठरतो तो इथे.

कारण पिकअप एकटा कधीच वाजत नाही. गिटारपासून ॲम्पपर्यंत जाणाऱ्या केबलचं कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतं, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड. कॉइलचं इंडक्टन्स आणि हे कपॅसिटन्स मिळून एक अनुनादी सर्किट तयार होतं. झोपाळ्याला जसा स्वतःचा एक ठेका असतो आणि त्या ठेक्यात दिलेला झोकाच त्याला लागतो, तशीच या सर्किटची एक लाडकी वारंवारता असते. तिच्या आसपासचे स्वर उठून येतात, तिच्या वरचे झपाट्याने विरतात. ही वारंवारता बहुतेक पिकअपमध्ये २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात येते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात माणसाचा कान सर्वांत तिखट असतो. म्हणून इथला छोटासा बदलही लगेच ऐकू येतो.

आकडे घालून पाहू. सहा मीटरची केबल आणि कॉइलचं स्वतःचं थोडं, असं एकूण ७०० पिकोफॅरड धरलं, तर २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पद्धतीच्या पिकअपचा अनुनाद सुमारे ३,९०० हर्ट्झला येतो. ४.४ हेन्रीच्या जुन्या धाटणीच्या हंबकरचा, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचा, २,९०० ला. भरपूर वेढ्यांच्या ८ हेन्रीच्या हंबकरचा २,१०० ला. चमचमीत, उबदार, गच्च हे गिटारवादकांचे शब्द बऱ्याच अंशी या तीन आकड्यांचीच वर्णनं आहेत. आता तोच स्ट्रॅटचा पिकअप तीन मीटरच्या केबलवर वाजवा: अनुनाद ३,९०० वरून थेट ५,१०० च्या आसपास चढतो. केबल बदलली, गिटार बदलल्यासारखी वाटली!

यातून माझं ठाम मत झालं आहे: शंका असेल तेव्हा कमी वेढ्यांचा पिकअप घ्यावा. तो जास्त चरचरीत वाटला तर ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर त्याला समांतर जोडून अनुनाद खाली आणता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असा कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. तीन मीटरच्या केबलवर ५,१०० हर्ट्झचा अनुनाद त्याने ३,५०० च्या आसपास उतरतो. जोर हवा असेल तर ॲम्पचा गेन आहेच. उलटा प्रवास मात्र होत नाही. ८ हेन्रीच्या पिकअपने गिळलेले वरचे स्वर ॲम्पच्या ट्रेबलने नीटसे परत येत नाहीत. जड डिस्टॉर्शनच वाजवायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गच्च पिकअपच हवा.

पॉटही, म्हणजे गिटारच्या व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे बदलते रोधही, बघून घ्या. सिंगल कॉइलसाठी २५० आणि हंबकरसाठी ५०० किलोओहमचे पॉट वापरायची रीत आहे. पॉटचा रोध कमी तितकी अनुनादाची टोकदार उंची दबते. हंबकर बसवूनही गिटार झाकल्यासारखी वाजत असेल तर आत २५० चे पॉट राहिलेत का, हे आधी तपासावं.

हंबकर मुळात आला तो घूं आवाज घालवायला. सिंगल कॉइल भोवतालच्या विजेच्या वायरिंगचंही क्षेत्र पकडते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० चा आणि त्याच्या पटींचा घूं ऐकू येतो. गिब्सनचे सेथ लव्हर यांनी दोन कॉइल शेजारी ठेवल्या, दुसरीतला चुंबकाचा ध्रुव उलटा ठेवला आणि जोडणीही उलटी केली. स्ट्रिंगचा सिग्नल दोनदा उलटला म्हणून सुलटा झाला आणि बेरजेत आला. बाहेरच्या घूं आवाजाला चुंबकाशी देणंघेणं नसल्याने तो एकदाच उलटला आणि वजाबाकीत गेला. मला ही विसाव्या शतकातली अतिशय देखणी युक्ती वाटते. पेटंटचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या 'पेटंट अप्लाइड फॉर' असा कागद चिकटवलेल्या पिकअपना आज प्रचंड किंमत येते. गंमत म्हणजे त्यांच्यात वेढ्यांची संख्या आणि चुंबकाचा प्रकार एकसारखा नसायचा, त्यामुळे 'त्या काळचा आवाज' असा एकच आवाज नाही.

खरेदीआधी एक काम फुकटात होतं. शेवटचा फ्रेट दाबून स्ट्रिंग आणि पिकअपमधलं अंतर मोजा. हंबकरला ब्रिजकडे (स्ट्रिंग बॉडीवर टेकतात त्या बाजूला) सुमारे १.६ आणि नेककडे (दांड्याच्या बाजूला) २.४ मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. सिंगल कॉइल फार वर आणली तर तिचं चुंबक स्ट्रिंगलाच ओढतं. मग जाड स्ट्रिंगवर वरच्या फ्रेटला स्वर डगमगतो आणि कितीही ट्यून केली तरी सूर लागत नाही. अर्धा मिलिमीटर खाली केल्यावर पिकअप बदलायचा विचारच मागे पडलेले लोक मी पाहिले आहेत. ब्रिजजवळ दोन टोकांच्या स्ट्रिंगमधलं अंतरही पट्टीने मोजून ठेवा, ते ५० मिलिमीटरच्या जवळ आहे की ५३ च्या, त्याप्रमाणे पिकअप मागवता येतो.

शेवटचा मुद्दा फेजचा, म्हणजे दोन पिकअपच्या सिग्नलची दिशा जुळण्याचा. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र वाजवले आणि आवाज पातळ, पोकळ झाला तर एकाची दिशा उलटी आहे. सोल्डर करण्याआधीच हे तपासता येतं. काट्याचा मल्टिमीटर सर्वांत लहान डीसी रेंजवर लावा, स्क्रूड्रायव्हर पिकअपवर दिसणाऱ्या धातूच्या खिळ्यांना टेकवून झटकन उचला. दोन्ही पिकअपना काटा एकाच बाजूला हलला पाहिजे. उलटा हलला तर एकाच्या दोन तारांची अदलाबदल करायची. पण हंबकरचं धातूचं कव्हर अर्थिंगच्या तारेलाच जोडलेलं असेल तर अदलाबदलीनंतर ते कव्हर सिग्नलच्या बाजूला जातं आणि हात लागला की गुणगुणतं. म्हणून मागवतानाच चार तारा आणि वेगळी अर्थिंगची तार असलेला पिकअप मागून घ्यावा.