पाणी ढकलल्याखेरीज वजन उतरत नाही

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला किंवा नवी मुंबईत नेरुळ-खारघरकडे उभ्या राहणाऱ्या नव्या संकुलांच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव हमखास असतो. त्यांतले बरेचसे तलाव लहान, वेड्यावाकड्या आकाराचे आणि जेमतेम चार फूट खोल असतात. सराईत पोहणाऱ्याला तिथे चार हात मारले की भिंत लागते. त्यामुळे नेमाने पोहणारी माणसे महापालिकेच्या मोठ्या तलावाकडे, म्हणजे ठाण्यात मारोतराव शिंदे तरणतलावासारख्या ठिकाणी वळतात आणि संकुलातला तलाव सुट्टीत मुलांना डुंबण्यापुरता उरतो. परंतु ज्यांना वजन कमी करायचे आहे, ज्यांचे गुडघे कुरकुरतात आणि ज्यांना पोहता येत नाही, अशा चाळिशी-पन्नाशीच्या स्त्री-पुरुषांसाठी हा उथळ तलावच सर्वांत कामाचा आहे, असे माझे मत आहे. अट एकच: पाण्यात उतरल्यावर शरीराची ऊर्जा नेमकी कशावर खर्च होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. ते न समजल्यामुळे अनेकजण महिनोन्‌महिने तलावावर जातात आणि वजनाचा काटा जागचा हलला नाही म्हणून सोडून देतात.

हा अनुभव काही नवा नाही. १९८७ साली अमेरिकेत ग्रँट ग्विनप यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम प्रमाणात स्थूल असलेल्या तरुण स्त्रियांपैकी काहींनी भरभर चालण्याचा, काहींनी सायकल चालवण्याचा आणि काहींनी पोहण्याचा व्यायाम सहा महिने केला. आहारावर कोणतेही बंधन नव्हते. चालणाऱ्या स्त्रियांचे वजन सुमारे १० टक्क्यांनी आणि सायकल चालवणाऱ्यांचे सुमारे १२ टक्क्यांनी घटले. पोहणाऱ्या स्त्रियांचे वजन घटलेच नाही. पोहण्याने वजन कमी होत नाही, हा समज पुढे पक्का होण्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. तो समज जसाच्या तसा खरा नाही, पण त्यामागची कारणे खरी आहेत आणि ती पाण्याच्या गुणधर्मांत दडलेली आहेत.

जमिनीवर चालताना आपण प्रत्येक पावलाला स्वतःचे वजन उचलतो. जड माणसाला त्याच अंतरासाठी जास्त ऊर्जा लागते ती यामुळेच. पाण्यात शिरताच हे ओझे उतरू लागते, कारण शरीराने जेवढे पाणी बाजूला सारले तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर त्याला वर ढकलतो. कमरेइतक्या पाण्यात स्वस्थ उभे राहिलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा साधारण अर्धा भार उरतो, छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात जेमतेम एक दशांश. म्हणजे ८० किलोच्या माणसाच्या पायांना छातीइतक्या पाण्यात पंचवीस-सत्तावीस किलोच जाणवतात. त्यातही चरबीची घनता पाण्याहून कमी असल्यामुळे स्थूल माणूस सडपातळ माणसापेक्षा सहज तरंगतो. दुखऱ्या गुडघ्यांसाठी ही मोठीच सोय आहे. वजन कमी करण्याच्या हिशेबात मात्र तिची दुसरी बाजू येते, ती अशी की जे ओझे वाहण्यात जमिनीवर ऊर्जा खर्च होत होती, ते वाहण्याचे काम इथे पाणीच करते. तलावात कठडा धरून पाय हलवत गप्पा मारणाऱ्या माणसाचा खर्च घरी खुर्चीत बसण्यापेक्षा फारसा जास्त नसतो.

खर्च होतो तो पाणी ढकलण्यात. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चालण्याचा वेग केवळ सव्वापट केला, तरी पाणी कापण्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती आठपट होते. जमिनीवर जरा हळू आणि जरा भरभर चालण्यातला फरक साधारण असतो, पाण्यात तोच फरक फार मोठा ठरतो. ‘मी रोज पाऊण तास तलावात असतो’ या वाक्यावरून वजनाबद्दल काहीच अंदाज बांधता येत नाही, तो याच कारणाने.

विरोध वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढवणे. तळहात आडवा धरून पाणी कापत नेला तर हात सहज जातो, तोच बोटे जुळवून पाण्याला सामोरा धरला की खांद्यापर्यंत जोर जाणवतो. तळहाताचा कोन बदलून व्यायामाचा भार क्षणात कमी-जास्त करता येतो. सांध्याला झेपेल तेवढाच जोर लावावा, जास्त लावला तर पाणी जास्त विरोध करते आणि हात थांबवला की विरोधही संपतो. त्यामुळे वजने उचलताना होते तशी दुखापत होण्याचा धोका इथे कमी असतो.

संकुलातल्या छोट्या तलावात सकाळी सात-आठ जणी कडेकडेने गोल चालत असतात, ते दृश्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पहिल्या फेरीत सगळ्यांना जोर लावावा लागतो, पावले जड पडतात, बोलणे तुटक होते. चार-पाच फेऱ्यांनंतर पावले हलकी होतात आणि गप्पा रंगतात. पुष्कळांना वाटते की आता शरीर सरावले. खरे कारण वेगळे आहे. सगळ्या मिळून एकाच दिशेने चालल्यामुळे तलावातले पाणीही त्याच दिशेने फिरू लागलेले असते आणि ते आता चालणारीला मागून रेटत असते. समजा, पाण्याला चालण्याच्या वेगाच्या एक चतुर्थांश वेग आला, तर पाण्याच्या तुलनेत चालणारीचा वेग पाऊणपट उरतो आणि विरोध जवळपास निम्म्यावर येतो. याच क्षणी सगळ्यांनी वळून उलट दिशेने त्याच वेगाने चालायला सुरुवात केली, तर विरोध एकदम पावणेतीन पटींच्या आसपास जातो. वळल्यावर पहिली काही पावले टाकताना पाणी अक्षरशः छातीवर येते. दर दोन-तीन मिनिटांनी दिशा बदलणे हा उथळ तलावातला सर्वांत सोपा, विनाखर्चाचा आणि परिणामकारक उपाय आहे, आणि तो फार थोड्या ठिकाणी केला जातो.

आता आकडे पाहू. स्वस्थ बसलेले शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण एक किलोकॅलरी खर्च करते. त्या मानाने सपाट जमिनीवर बेताच्या वेगाने चालण्याचा खर्च सुमारे साडेतीन पट, पाण्यातल्या कवायतीसारख्या व्यायामाचा सुमारे साडेपाच पट, सावकाश पोहण्याचा सहा पटींच्या आसपास आणि जोरात पोहण्याचा जवळजवळ दहा पट असतो. ७५ किलोच्या स्त्रीने ४५ मिनिटे खरोखर न थांबता पाण्यातला व्यायाम केला, तर सुमारे ३१० किलोकॅलरी खर्च होतील. तेवढा वेळ ती घरी बसली असती तरी ५५ गेल्याच असत्या, म्हणजे निव्वळ कमाई अडीचशेची. आठवड्यातून चार दिवस हा नेम पाळला तर हजार. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात, म्हणून कागदावर एक किलो उतरायला सात-आठ आठवडे लागतील, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक, कारण शरीर हलके होत जाते तसा त्याचा खर्चही घटतो. हा वेग मंद वाटेल, पण तो खरा आहे. महिन्याभरात दहा किलो उतरवण्याचे आश्वासन देणाऱ्या कोणत्याही वर्गाकडे संशयानेच पाहावे.

पोहता येणाऱ्यांच्या बाबतीत कौशल्याचाही प्रश्न येतो. नवशिक्या माणसाच्या हातपाय मारण्यातली फारच थोडी ऊर्जा त्याला पुढे नेते, बाकीची पाणी घुसळण्यात जाते. साहजिकच एका लांबीला त्याला खूप ऊर्जा लागते, पण धाप लागून तो पुढची तीन मिनिटे कठड्याला टेकून उभा राहतो आणि एकूण बेरीज लहानच भरते. उलट शैली सुधारली की तेच अंतर स्वस्तात पडते. दोन वर्षे रोज तितक्याच लांब्या तितक्याच वेळात मारणाऱ्या माणसाचा खर्च सुरुवातीपेक्षा कमी झालेला असतो, म्हणून त्याने अंतर किंवा वेग वाढवत राहणे आवश्यक आहे.

वरचा अडीचशेचा हिशेब तलावाच्या फाटकाबाहेर पाच मिनिटांत पुसला जाऊ शकतो, आणि इथे पाण्याचा आणखी एक गुण आड येतो. पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. धावल्यावर शरीर तापलेले असते आणि काही काळ अन्नावरची वासना मंदावते. गार पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला मात्र कडकडून भूक लागते. फ्लोरिडा विद्यापीठातील लेस्ली व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली याची नेमकी तपासणी प्रसिद्ध केली. ११ तरुणांनी पाण्यात बुडवलेली सायकल ४५ मिनिटे चालवली, एकदा ३३ अंश सेल्सिअसच्या आणि एकदा २० अंशांच्या पाण्यात. दोन्ही वेळा ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच, पाचशे किलोकॅलरींच्या घरात होता. त्यानंतर त्यांना हवे तेवढे खाण्याची मोकळीक दिली, तेव्हा कोमट पाण्यानंतर त्यांनी सरासरी ६०८ किलोकॅलरी खाल्ल्या आणि गार पाण्यानंतर ८७७. नुसते विश्रांती घेतलेल्या दिवशीचा आकडा ६१८ होता. गार पाण्यात जास्त चरबी जळते, ही समजूत इथे पार कोलमडते: खर्च तेवढाच झाला आणि खाणे मात्र जवळपास दीडपट झाले.

आपल्याकडचे बहुतेक उघडे तलाव तापवलेले नसतात. ठाण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पाणी अंगावर काटा आणते आणि बाहेर पडल्याबरोबर गरम वडापावाचा वास येतो. एका वडापावात पाण्यातली सगळी कमाई जाते. सोबत साखरेचा चहा घेतला तर हिशेब उलटतो. यावर निग्रहापेक्षा पूर्वतयारी उपयोगी पडते. बाहेर आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ करावी, शक्य असेल तर घरी पायी जावे म्हणजे शरीर पुन्हा ऊबदार होते, आणि पिशवीत आधीच वाफवलेली मटकी, भिजवलेले चणे किंवा एखादे फळ ठेवावे. पाण्यातही घाम येतो, तो दिसत नाही एवढेच; त्यात पाण्याच्या दाबामुळे मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. तहान आणि भूक यांची गल्लत होऊ नये म्हणून आधी भांडेभर पाणी किंवा बिनसाखरेचे ताक प्यावे.

हा दाब हृदयावरही परिणाम करतो. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकते आणि ठोक्यांची संख्या कमी राहते. म्हणून मनगटावरच्या घड्याळातला नाडीचा आकडा पाण्यात फसवा असतो. जमिनीवरचे लक्ष्य पाण्यात मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी खाली धरावे लागते. त्यापेक्षा श्वासावरून अंदाज घेणे सोपे. दोन-चार शब्द बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की वेग योग्य आहे. हृदय कमकुवत असणाऱ्यांनी मात्र छातीइतक्या पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी रक्तातली साखर तपासूनच तलावावर जावे, कारण पाण्यात चक्कर येणे जीवावर बेतू शकते.

ग्विनप यांच्या निष्कर्षाच्या दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे के कॉक्स आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ठेवला पाहिजे. त्यात ५० ते ७० वर्षे वयाच्या, बैठी जीवनशैली असलेल्या ११६ स्त्रियांना पोहणे आणि चालणे अशा गटांत विभागून आठवड्यातून तीनदा व्यायाम दिला होता. वर्षाअखेर पोहणाऱ्या स्त्रियांचे वजन चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एका किलोने कमी भरले. फरक मोठा नाही. तरीही देखरेखीखाली, ठरलेल्या तीव्रतेने केलेला पाण्यातला व्यायाम चालण्याच्या मागे पडत नाही, एवढे त्यातून दिसते. आणि ज्या वयात गुडघ्यांमुळे चालणेच बंद पडते, त्या वयात ही गोष्ट महत्त्वाची आहे. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवरील एका अभ्यासात, वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे आढळले आहे. म्हणजे तलावात उतरवलेले दोन-तीन किलो रस्त्यावर आठ ते बारा किलोंचा दिलासा देतात, आणि मग संध्याकाळी तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाकाठी, एक फेरी मारणे पुन्हा शक्य होऊ लागते.

ती फेरी मारावीच, कारण एक काम पाणी करू शकत नाही. हाडांना मजबूत राहण्यासाठी भार लागतो आणि पाणी नेमका तोच काढून घेते. रजोनिवृत्तीनंतर हाडे वेगाने विरळ होत असताना केवळ पाण्यातल्या व्यायामावर राहणे योग्य नाही. गुडघे सोसतील तितके, आठवड्यातून दोन-तीन दिवस जमिनीवर चालावे किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करावी, आणि बाकीचे दिवस तलावाला द्यावेत.