ट्यूनरची सुई कानाला कशी दिसणार?

मे महिन्यात परभणीकडच्या एखाद्या लग्नाच्या मांडवात गिटार पिशवीतून बाहेर काढली की थोड्याच वेळात तारा उतरायला लागतात. पोलाद तापलं की लांबतं, लांबलं की ताण सैल होतो आणि सूर खाली येतो. डोळस वादकाला याची फिकीर नसते. गिटारच्या शेंड्याला क्लिप ट्यूनर अडकवायचा, तार छेडायची, सुई मधोमध येऊन हिरवा दिवा लागला की पुढची तार. या ट्यूनरमधली पिझो चकती हवेतला आवाज ऐकत बसत नाही, लाकडाची थरथर पकडते आणि तिची वीज करते. त्यामुळे शेजारी संबळ-हलगी चालू असली तरी तिचं काही बिघडत नाही. गंमत एवढीच, की सुराविषयीची सगळी माहिती शेवटी बोटभर काचेवर जाऊन बसते. ज्याला दिसत नाही, त्याच्या हाती नुसता चिमटा उरतो.

या भागातल्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक अंध गिटारवादक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, ४४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा ट्यूनिंग फोर्क असतो; आपटला की एकच ठरलेला सूर देणारी दोन दात्यांची धातूची वस्तू. फोर्क गुडघ्यावर आपटायचा आणि त्याची दांडी दातांत धरायची. आवाज जबड्याच्या हाडातून थेट आतल्या कानात जातो, मांडवातला गोंगाट बाजूला राहतो आणि दोन्ही हात मोकळे होतात. मग बारीक तारेकडून मोजून पाचव्या तारेला पाचव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) बरोबर वर बोट नुसतं टेकवून ती छेडायची. बोट उचललं तरी घंटेसारखा बारीक सूर वाजत राहतो. याला हार्मोनिक म्हणतात. मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झची, हा हार्मोनिक तिच्या चौपट, म्हणजे ४४०. आता डावा हात खुंटीवर.

दोन सूर जवळजवळ सारखे असले की त्यांच्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना मारतात, आणि आवाज ‘वाँव-वाँव’ असा डोलायला लागतो. हे बीट्स. दोन वारंवारतांमध्ये जितका फरक, तितके डोल दर सेकंदाला. तार ११० ऐवजी १०९.५ वर असेल तर तो फरक साधारण ८ सेंटचा. लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे १०० भाग केले की एक भाग म्हणजे सेंट. इतका फरक नुसत्या कानाला सहसा निसटतो. पण हार्मोनिकमध्ये तीच चूक चौपट होते, ४३८ विरुद्ध ४४०, आणि सेकंदाला दोन डोल स्पष्ट ऐकू येतात. खुंटी फिरवावी तसा डोल मंदावत जातो आणि विरतो.

यात एक खोच आहे. डोल चूक किती ते सांगतो, पण तार चढी आहे की उतरी ते सांगत नाही. १०९.५ आणि ११०.५ दोन्हींचे डोल सारखेच. म्हणून जाणते वादक तार आधी मुद्दाम उतरवतात आणि खालूनच वर आणतात. त्यात खुंटीच्या दात्यांमधला सैलपणाही निघून जातो, हा वरचा फायदा.

डोल मोजून वाद्य लावणं ही अंधांची फार जुनी विद्या आहे. क्लोद मोंताल हे अंध फ्रेंच गृहस्थ. लुई ब्रेल जिथे शिकले, त्याच पॅरिसच्या अंधशाळेत तेही शिकले. पियानो लावण्याचं शास्त्र स्वतः शोधत त्यांनी आत्मसात केलं आणि १८३६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे युरोपात पियानो-ट्यूनर हा अंधांचा प्रतिष्ठित व्यवसाय झाला.

मग ‘अंधांचा कान देवानेच तयार दिलेला असतो, त्यांना यंत्र कशाला?’ असं कुणी म्हणतंच. २००४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग मांडला. सूर वर गेला की खाली आला, हे लहानपणीच दृष्टी गेलेल्यांनी डोळसांपेक्षा चांगलं ओळखलं. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांना मात्र असा फायदा मिळाला नाही. चाळिशीत मधुमेहाने डोळे गेलेल्या माणसाला ‘तुमचा कान आहे ना’ असं सांगणं ही थट्टाच झाली.

शिवाय नुसत्या कानावर सहाही तारा लावण्यात एक जुना सापळा आहे. जाड तारेचा पाचव्या फ्रेटवरचा आणि पाचव्या तारेचा सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक जुळवायचा, असं बरेच जण शिकतात. जाड तार ८२.४१ हर्ट्झ, चौपट केली की ३२९.६३. पाचवी तार ११०, तिप्पट केली की ३३०. म्हणजे गिटार अचूक लागलेली असतानाही इथे पावणेतीन सेकंदांना एक डोल उरायलाच हवा. तो कुणी हट्टाने मिटवला आणि पुढच्या तारांनाही तोच न्याय लावला, की चूक साठत जाते.

इथे फोनमधला ट्यूनर कामाला येतो. माइकमधून आलेली लहर स्वतःशीच थोडी सरकवून ताडून पाहायची, जितक्या सरकवण्यावर ती पुन्हा स्वतःशी जुळते तो तिचा आवर्तकाळ. हिशेब क्षणात होतो. घोडं अडतं ते सांगण्यापाशी. सुई सेकंदाला कित्येकदा हलते, टॉकबॅकने, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या अँड्रॉइड फोनमधल्या सोयीने, प्रत्येक हालचाल वाचायची म्हटली तर बडबड थांबत नाही. बोलणारे ट्यूनर आहेत, पण ‘ई, बारा सेंट उतरी’ म्हणेपर्यंत तार विरत आलेली असते, आणि फोनचा तो आवाज पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरतो. ब्लूटूथ इअरफोन लावला तर आवाज उशिरा पोचतो, तारेचा साधा इअरफोन बरा. माझ्या मते बोलणं स्वराच्या नावापुरतंच असावं. पुढचं काम टकटकीने करावं: उतरी असेल तर जाड टकटक, चढी असेल तर बारीक, जवळ येऊ तशी मंद, आणि जुळली की शांतता. डोल जे सांगू शकत नाही ती दिशाही त्यात येते. हेच फोनच्या कंपनातूनही करता येईल.

खुंटी स्वतःच फिरवणारी यंत्रंही निघाली आहेत. गिब्सन या गिटार कंपनीने २००७ मध्ये मोटर बसवलेली गिटारच आणली होती. किमतीमुळे तो मार्ग आपल्याकडे थोड्यांनाच परवडतो. सहा तारांचे सूर देणारी सहा भोकांची पिच पाइप स्वस्त, बॅटरीही लागत नाही, फक्त जोरात फुंकली की सूर हलतो.

भजनी मंडळाबरोबर वाजवायचं असेल तर गाठ पेटीशी आहे. गिटारच्या तारा पेटीवर जाड तारेपासून अशा सापडतात: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा पांढरी तीन. काळ्या पट्ट्यांचे दोनाचे आणि तिनाचे गट बोटांना लागतात, त्यामुळे पाहायची गरज पडत नाही. पण गावातल्या जुन्या पेटीच्या पत्त्या ४४० ला असतीलच असं नाही. पेटी ऐनवेळी लावता येत नाही, म्हणून गिटारनेच तिच्यामागे जायचं. ४४०चा आकडा ४३६ किंवा ४४४ करायची सोय पुष्कळ ॲपमध्ये असते. अडचण अशी, की त्या बटणापाशी बोट गेलं की टॉकबॅक नुसतं ‘लेबल नसलेलं बटण’ म्हणतो. प्रोग्रॅमरसाठी त्या बटणाला नाव देणं हे एका ओळीचं काम आहे.