मोका-जे

मोका-जे ही मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट (मोका) या स्मरण व विचारशक्ती तपासणाऱ्या चाळणी चाचणीची जपानी आवृत्ती. मूळ चाचणी झियाद नासरेद्दीन व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. जपानी आवृत्तीचा पडताळा २०१० चा. गुण ३०, वेळ सुमारे १० मिनिटे. २६ च्या खाली गुण आले तर पुढील तपासणी करतात; एवढ्यावरून स्मृतिभ्रंशाचे निदान करत नाहीत.

स्मरणासाठी पाच शब्द सांगतात. इंग्रजीत ते चेहरा, मखमल, चर्च, डेझी, लाल असे आहेत. जपानीत काओ (चेहरा), किनु (रेशीम), जिंजा (शिंतो देवस्थान), युरी (लिली), आका (लाल). शब्द बदलले तरी अवयव, कापड, इमारत, फूल, रंग हे वर्ग तेच ठेवले, कारण शब्द आठवला नाही तर आधी वर्ग सांगून सूचना देतात. सूचनेनंतरच्या उत्तराला गुण नाही, तरी ते टिपावे: सूचना देऊनही शब्द येत नसेल तर तो मुळात साठवलाच गेला नसण्याची शक्यता जास्त.

आकडे-अक्षरे जोडण्याची साखळी हिरागानात (जपानी अक्षरलिपीत) १-आ-२-इ-३-उ अशी ५-ओ पर्यंत सहज बसते. खरी अडचण शब्दओघात. इंग्रजीत एफ अक्षराचे शब्द विचारतात, जपानीत ‘का’ने सुरू होणारे, मिनिटाला ११ शब्द आले तर १ गुण. पण ‘कामी’ म्हणजे कागद, केस आणि देवही. देव स्वराघातावरून ओळखू येतो. कागद आणि केस टोकियोच्या उच्चारात सुटे कानाला सारखेच लागतात. ‘कामी’ दुसऱ्यांदा आला की खूण करावी आणि वेगळा शब्द की पुनरुक्ती हे कळण्यासाठी अर्थ मिनिट संपल्यावर विचारावा. मध्येच विचारले तर रुग्णाचा वेळ जातो.

शिक्षण १२ वर्षे किंवा कमी असल्यास १ गुण वाढवून देतात. इथे हमखास घोळ होतो. १९४७ पूर्वीची ‘कोतो शोगाक्को’ म्हणजे सहा वर्षांच्या प्राथमिक शाळेनंतरची दोन वर्षे; नावातल्या ‘कोतो’मुळे ती आजचे हायस्कूल (कोतो गाक्को) समजली जाते आणि आठऐवजी बारा वर्षे नोंदली जातात; गुण तरीही मिळतो, पण नोंद चुकते. शाळेचे नाव नको, वर्षे विचारावीत. आजची तारीख विचारल्यावर सालाचे उत्तर अनेकदा राजकालगणनेत येते: रेइवा (सध्याच्या सम्राटाचा काळ) वर्षात २०१८ मिळवले की इसवी सन.

घन व घड्याळ काढावे लागत असल्याने लकव्याने हात गेलेल्यांना मोका-जे अवघड. तिथे हासेगावा मापनी ही दुसरी जपानी चाळणी चाचणी बरी: १९७४ ची, १९९१ मध्ये सुधारलेली, उत्तरे पूर्ण तोंडी, तीतही ३० गुण, पण २० किंवा कमी आले तरच स्मृतिभ्रंशाची शंका घेतात. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत.