डायनॅमिक्स ३६५ ला ईमेल जोडायचाय? आधी लायसन्स तपासा

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ चं, म्हणजे ग्राहकांची माहिती आणि व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स घेतलं, की ग्राहकांचे मेल आपोआप त्यात दिसायला लागतील असं समजून अनेक कंपन्या पैसे भरतात आणि पहिल्याच दिवशी अडकतात. हे लायसन्स फक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं असतं. त्यात मेलबॉक्स मिळत नाही. ज्या कर्मचाऱ्याचा मेल जोडायचा आहे, त्याच्याकडे डायनॅमिक्सचं लायसन्स आणि एक्सचेंज ऑनलाइनचा (मायक्रोसॉफ्टच्या मेल सेवेचा) चालू मेलबॉक्स, साधारणपणे दोन्ही हवं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या 'ॲप्स फॉर बिझनेस' या प्लॅनमध्ये. कॉम्प्युटरवर आउटलुक उघडतं, म्हणून मेलबॉक्सही असणारच असं वाटतं. पण या प्लॅनमध्ये एक्सचेंज नाही. बिझनेस बेसिक आणि बिझनेस स्टँडर्डमध्ये ते असतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲडमिन सेंटरमध्ये त्या कर्मचाऱ्याचं नाव उघडा आणि लायसन्सच्या यादीत एक्सचेंज ऑनलाइनपुढे खूण आहे का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण इथेच निम्मी डोकेदुखी वाचते.

चौकशी किंवा तक्रारींसाठी सगळ्यांचा मिळून एकच पत्ता असेल, तर त्यासाठी वेगळं लायसन्स विकत घेऊ नका. असा शेअर्ड (सामायिक) मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत लायसन्सशिवाय चालतो. डायनॅमिक्समध्ये त्याच्या नावाने 'क्यू', म्हणजे आलेल्या कामांची सामायिक रांग, तयार केली, की तो जोडता येतो.

कागदपत्रं काही लागत नाहीत, लागते ती मंजुरी. जोडायच्या पत्त्यांची यादी करून आयटीवाल्यांकडे द्या. डायनॅमिक्समधल्या मेलबॉक्सच्या नोंदीत 'अप्रूव्ह ईमेल' हे बटण साधारणपणे ग्लोबल ॲडमिन किंवा एक्सचेंज ॲडमिनच दाबू शकतो. त्यानंतर 'टेस्ट अँड एनेबल' करायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही मेलपुढे 'सक्सेस' दिसेपर्यंत थांबायचं. लग्नानंतर आडनाव बदललं म्हणून कुणाचा मेल पत्ता बदलला, तर मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. हे कुणी आधी सांगत नाही आणि मग मेल का थांबले ते शोधण्यात दिवस जातो.

जीमेलवाल्यांचंही काम होतं, पण फक्त मेलपुरतं. मीटिंगच्या वेळा, संपर्क आणि कामांची यादी जुळवून घ्यायची असेल, तर एक्सचेंजच लागेल.