ऑफिसच्या संगणकावर रेस्टिक बसवायचंय? ॲडमिन हक्क असताना, नसताना आणि अर्ज जिथे अडतो ते

ऑफिस किंवा कॉलेजच्या संगणकावर बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकण्यासाठी केलेले अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे त्यात ‘ॲडमिन पासवर्ड मिळावा’ असं लिहिलेलं असतं. तो मिळणार नाही, मिळूही नये. मागणी नेमकी हवी: ‘हा एक प्रोग्रॅम, या फोल्डरमधून, माझ्या खात्याखाली चालवू द्यावा.’ ही माहिती रेस्टिकपुरती आहे. कमांड टाइप करून (कमांड लाइनवर) चालणारं हे बॅकअपचं मोफत, खुल्या परवान्याचं सॉफ्टवेअर एकाच फाइलचं असतं. त्याला इन्स्टॉलर नाही, म्हणून हक्कांशिवायही ते बसतं.

कोणाला अर्ज लागतो?

संगणक स्वतःचा असेल तर कोणालाच विचारायचं नाही. डेबियन किंवा उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल रेस्टिक’, मॅकवर होमब्रू, विंडोजवर विंगेट किंवा स्कूप ही सॉफ्टवेअर बसवणारी साधनं. काम संपलं. ॲप्टमधली आवृत्ती बरेचदा जुनी असते आणि तिला ‘सेल्फ-अपडेट’ (रेस्टिकने स्वतःच नवी आवृत्ती उतरवून घेणं) चालत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

हक्क नसतील तर लिनक्सवर गिटहबवरून तुमच्या प्रोसेसरची फाइल उतरवा, ‘बन्झिप२’ने उघडा, चालवण्याची परवानगी द्या आणि होममधल्या ‘बिन’ फोल्डरमध्ये ठेवा. इथे बरेच जण अडकतात. ‘कमांड नॉट फाउंड’ दिसलं की फाइल खराब समजून ती पुन्हा उतरवतात. उबुंटूवर हे फोल्डर नव्याने बनवलं असेल तर लॉगआउट करून परत आल्याशिवाय ते पाथमध्ये, म्हणजे संगणक प्रोग्रॅम शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, येत नाही. एवढंच असतं. मात्र परवानगी देऊनही आणि फाइलचा पूर्ण पत्ता (पूर्ण पाथ) लिहूनही ‘परमिशन डिनाइड’ येत असेल, तर होम डिस्क बहुधा ‘नोएक्झेक’ने माउंट केलेली आहे, म्हणजे तिच्यावरून प्रोग्रॅम चालूच नयेत अशी जोडलेली आहे. तिथे तुमचा इलाज चालत नाही, अर्जच करावा लागतो.

विंडोजवर अडवणूक ॲपलॉकरची, म्हणजे कोणता प्रोग्रॅम चालू द्यायचा हे ठरवणाऱ्या विंडोजच्याच सोयीची. त्याचे ठरलेले नियम सामान्य खात्याला फक्त ‘प्रोग्रॅम फाइल्स’ आणि ‘विंडोज’ या फोल्डरांतूनच प्रोग्रॅम चालवू देतात, डाउनलोड्समधून नाही. फाइलचं नाव बदलून किंवा पेन ड्राइव्हवरून चालवायच्या युक्त्या करू नका. नोंद होते, आणि मग साधा अर्जही संशयाने वाचला जातो.

अर्जासोबत काय जोडायचं

सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, फाइल कुठून घेतली, बॅकअप कुठल्या फोल्डरचा आणि कुठे जाणार हे चार ओळींत लिहा. ‘कुठे जाणार’ हे गाळलं की अर्ज नक्की परत येतो, कारण ऑफिसचा डेटा बाहेरच्या क्लाउडवर जाणार का, हाच आयटीवाल्यांचा पहिला प्रश्न असतो.

बहुतेकांकडे नसतो तो कागद म्हणजे फाइलचा शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का हे पडताळायचा तिचा आकडा. रेस्टिक प्रत्येक आवृत्तीसोबत त्याची यादी देतं. विंडोजवर ‘सर्टयूटिल’ या कमांडने तो ॲडमिन हक्कांशिवाय काढता येतो. पण कमांडच्या शेवटी ‘शा-२५६’ लिहिलं नाही तर ते मुकाट्याने शा-१ काढून देतं. आकडा ६४ अक्षरांचा हवा. ४० भरली तर चुकलात. दुसरी चूक याहून जास्त होते: यादीतला चेकसम झिप फाइलचा असतो, आतल्या प्रोग्रॅमचा नव्हे. झिप उघडून आतल्या फाइलचा काढला तर तो जुळणारच नाही. फाइलमध्ये गडबड आहे असा शेरा मारून कोणी अर्ज बाद केला, तर आधी एवढं तपासायला सांगा.

बसलं म्हणजे झालं असं नाही

साध्या खात्याने घेतलेला बॅकअप फक्त तुम्हाला वाचता येणाऱ्या फाइलींचा असतो. इतरांच्या फाइली सुटतात. रेस्टिक स्नॅपशॉट (त्या वेळच्या बॅकअपची नोंद) बनवतं आणि काम संपताना एक्झिट कोड ३ हा आकडा देतं, म्हणजे काही फाइली वाचता आल्या नाहीत. स्नॅपशॉट दिसला म्हणून हा ३ सोडून देऊ नका. विंडोजवर उघड्या, कुलूपबंद फाइलींसाठी लागणारा व्हीएसएस स्नॅपशॉटही (विंडोजने घेतलेली डिस्कची त्या क्षणाची प्रत) ॲडमिन हक्कांशिवाय मिळत नाही. अशावेळी आउटलुकची पीएसटी फाइल (ईमेल साठवणारी) बंद करूनच बॅकअप घ्या.

लिनक्स सर्व्हरवर सगळ्यांचा डेटा घ्यायचा असेल तर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, मागू नका. रेस्टिकसाठी वेगळं खातं आणि त्या एका फाइलला ‘कॅप-डॅक-रीड-सर्च’ ही क्षमता, म्हणजे कोणाचीही फाइल वाचायची मुभा, मागा. ती द्यायला ॲडमिनला एकच ‘सेटकॅप’ कमांड लागते. ती फाइल इतर कोणाला चालवता येणार नाही असा बंदोबस्त हवा, नाहीतर कोणीही कोणाचंही वाचेल. अर्जात हेही लिहा, मंजुरी लवकर मिळते. फाइल बदलली की ही क्षमता जाते, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर ती पुन्हा द्यावी लागते.

रोजच्या बॅकअपला क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) लावाल तेव्हा रेस्टिकचा पूर्ण पाथ लिहा. पाथ ठरवणारी तुमची प्रोफाइल फाइल क्रॉन वाचत नाही. हाताने चालणारी कमांड रात्री पडते ती यामुळेच. पासवर्ड वेगळ्या फाइलीत ठेवा, परवानगी ६००, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल. आणि तो पासवर्ड कागदावर लिहून कपाटात बंद करा. रेस्टिकचा सगळा बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असतो. पासवर्ड हरवला तर तो उघडायची सोय कोणाकडेच नाही, बनवणाऱ्यांकडेही नाही.

मंजुरी मिळाल्यावर ॲपलॉकरचा नियम पाथवर (फाइल कुठे आहे त्यावर) केला की हॅशवर (फाइलच्या चेकसमसारख्या आकड्यावर), हे विचारून घ्या. हॅशवरचा नियम त्याच एका फाइलपुरता असतो. ‘सेल्फ-अपडेट’ केलंत की नवी फाइल अडते आणि बॅकअप गुपचूप थांबतो. अशा मशीनवर आधी नव्या आवृत्तीसाठी अर्ज करा, मगच अपडेट करा.